तिसरा हुकूम

"बसा ना, पंत."

"छे छे! आधी आपण, सरदारसाहेब."

"असं कसं? मुलूख तुमच्या हवाली. नागपुरास्नं कमाविशीची वस्त्रं तुम्हाला आली."

"आणि किल्ला आपल्या समशेरीनं आला. आम्ही काय, लेखणीबहाद्दर!"

मरकागडाच्या सदरेत भर दुपारी हे असं चाललं होतं. मधे राजाची गादी. पांढरीशुभ्र चादर, पाठीला लाल लोड, दोन बाजूंना दोन तक्के. गादीच्या उजव्या अंगाला आमचे सरदार सटवोजी धुमाळ मिशीला पीळ देत उभे, डाव्या अंगाला मुलखाचा वसूल पाहणारे कमाविसदार कृष्णाजीपंत सिधये उपरण्यानं वारा घेत उभे. दोघंही साखरेत घोळून बोलत होते आणि ती साखर इतकी वाढली होती, की आता कोण कुणाचा गळा धरतो या धास्तीनं मी दोन पावलं पुढे सरकलो.

गड पडून आठवडाही झाला नव्हता. वैनगंगेपलीकडचा हा झाडीचा मुलूख, तिथला गोंड राजा अख्खा हिवाळा आमच्या फौजेशी झुंजला होता. दरवाजा फुटला, आम्ही आत शिरलो, पण राजा काही सापडला नाही. मेला म्हणावा तर प्रेत नाही, पळाला म्हणावा तर वाट नाही. सापडली ती ही एवढी गादी. तिच्यावर जो बसेल तो या मुलखाचा धनी, हे उघड होतं. पंत बसले असते, तर आमची माणसं मेली ती बामणाला बैठक द्यायला का, म्हणून धुमाळ भडकले असते. धुमाळ बसले असते, तर हा मुलूख आहे का घोड्यांची पागा, म्हणून पंतांनी नागपूर डोक्यावर घेतलं असतं. शेवटी ठरलं, की नागपूरचा जाब येईतो गादीवर कुणीच बसायचं नाही. पंतांनी आपली कचेरी पश्चिमेच्या पडवीत मांडली, धुमाळांनी आपला मुक्काम पूर्वेच्या. गादी मधे रिकामी. आपणच जिंकलो अशा तोंडानं दोघंही निघून गेले.

राखणीला मी. का, तर मी धुमाळांच्या पथकातला स्वार आणि पंतांच्या दिमतीला दिलेला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी उपाशी नव्हतो, मला दोन्हीकडच्या शिव्या पोटभर मिळत.

माझं नाव हैबती गावडे. माझं गाव नीरेकाठी. त्या वेळी माझं वय पंचविशीच्या आतबाहेर आणि घरी बायकोला दिवस गेलेले.

पहिल्या सकाळी राखणीला म्हणून सदरेत पाऊल टाकलं आणि जे व्हायला नको ते झालं. लहानपणापासून हाडांत मुरलेली सवय. सदर दिसली, गादी दिसली, की मावळी शिपायाचा हात आपोआप जमिनीकडे जातो. मी वाकलो आणि तीन वेळा मुजरा केला. तिसऱ्या वेळी मान वर केली तेव्हा ध्यानात आलं, की समोर कुणीच नाही. मनात म्हटलं, हैबत्या, गाढवा, कुणी पाहिलं तर नाही ना?

पाहिलं होतं. लोडामागच्या खांबापाशी एक म्हातारी बसली होती. हातात मोरपिसांचा पंखा, अंगावर गुडघ्याएवढं आखूड लुगडं, कपाळावर गोंदण. तिचं नाव मानको. राजाच्या गादीची झाडलोट करायची, गादीला वारा घालायचा, एवढंच तिचं जन्माचं काम. वऱ्हाडातल्या बाजाराला जाऊन जाऊन तिला आपली बोली बरी येत होती. दात नसलेल्या तोंडानं ती हसली.

"लय उशीर केलास ना, बापू," ती म्हणाली. "तो कालपासून तुही वाट पाह्यते."

"कोण?"

ती पंखा हलवत राहिली. पंख्याचा वारा तिच्याकडे येत नव्हता आणि माझ्याकडेही येत नव्हता.

मला भुताखेतांचं भय फारसं नाही. रणात मेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांतलं एकही परत येऊन माझ्याशी बोललं नाही. पण त्या सदरेची गोष्ट निराळी होती. रोज सकाळी मानको चादर झटकून ताठ ओढायची, एक सुरकुती ठेवायची नाही. दुपारपर्यंत गादीच्या मधोमध एक खळगा पडलेला असायचा आणि उजव्या तक्क्यावर कोपर टेकावं तशी दबलेली जागा. मला वाटलं, मांजर असेल. मग मी नजर हलवली नाही. मांजर आलं नाही, खळगा मात्र पडला. एकदा म्हातारी पाणी आणायला गेली तेव्हा मी जीव मुठीत धरून त्या खळग्यावर तळहात ठेवला. ऊब होती. चैत्राचं ऊन आहे, तापणारच, असं मी स्वतःला बजावलं. पण सदरेत तितक्या आत ऊन येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

इकडे मुलूख ओस पडला होता. आमची फौज येताना वाटेतली चार गावं जळाली, तेव्हापासून सगळी माणसं झाडीत गेलेली. पंतांनी दवंडी पिटवली, "परत या, अभय आहे." कुणी आलं नाही. धुमाळांनी दवंडी पिटवली, "तट पडलाय, बांधायला या, नाहीतर मुंडकी उडवीन." कुणी आलं नाही. दोघंही आपापल्या पडवीत चरफडत बसले. अशात एका सकाळी पाहतो तो सदरेसमोरचं अंगण माणसांनी भरलेलं. कोण कुठून आलं, दरवाजावरच्या पहाऱ्याला पत्ता नाही. बायका, म्हातारे, खांद्यावर कुऱ्हाडी टाकलेले पुरुष. गादीसमोर त्यांनी मोहाची फुलं, मध, चारोळी ठेवली आणि गप बसले. मग एक जण उठला आणि गादीकडे बघत बैलाच्या भांडणाचं काहीतरी सांगू लागला. सांगून झाल्यावर सगळे थांबले. मानकोनं कान तिरका केला आणि दोन शब्द बोलली. भांडणारे दोघंही गादीला जोहार करून निघून गेले. एकानंही तोंड वाकडं केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तट बांधायला माणसं लागली.

धुमाळ मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाहिलंस हैबत्या? दम दिला की सुतासारखे सरळ येतात!"

पंत पान लावत म्हणाले, "पाहिलंस ना हैबती? अभयाचा शब्द कसा मुरत मुरत जातो ते."

मी दोघांनाही "जी, खरं आहे" म्हणालो. कुणाला सांगू, की हुकूम तिसरीकडूनच सुटला होता?

आता लच्छू मडावीचं सांगतो. बोरीघाटच्या बारा गावांचा तो मुखिया. तो एकटा अजून गडावर आला नव्हता. तो आला तर मुलूख आला, असं पंतांचं म्हणणं. त्याला कौल द्यायला, म्हणजे अभयाचं वचन द्यायला कुणीतरी झाडीत जायला हवं होतं. पंत स्वतः जाणार नव्हते. त्यांचं सोवळं होतं, शिवाय वाटेत काटेही होते. मला धाडलं.

लच्छू साजाच्या झाडाखाली बसला होता. चाळिशीचा, काटक, डोळे अर्धे मिटलेले. मी पंतांच्या वतीनं बोललो, पण शपथ वाहायला हात माझाच होता. बेलाचं पान आणि भंडारा ओंजळीत घेऊन मी म्हणालो, "तुझ्या केसाला धक्का लागणार नाही. लागला तर खंडोबा माझं घर धुऊन नेवो." बोलताना घरी पोटुशी बसलेली बायको डोळ्यांपुढे आली. आमच्याकडे बेलभंडार उचलून खोटं बोललेल्या माणसाचा वंश राहत नाही. लच्छू बराच वेळ मान कलती करून बसला. मग उठला आणि माझ्या पुढे चालू लागला.

दोन दिवस तो गडावर सुखात होता. तिसऱ्या दिवशी चाऱ्याला गेलेला आमचा एक स्वार बोरीघाटच्या शिवेत मेलेला सापडला. गळ्यात बाण. हा गडी मोहफुलं वेचणाऱ्या बायकांच्या मागे लागायचा हे अख्ख्या पागेला माहीत होतं, पण मेलेल्याचे अवगुण कोण काढतो? धुमाळांनी लच्छूच्या मुसक्या बांधल्या, त्याला माझ्या ताब्यात दिला आणि मला पूर्वेच्या पडवीत बोलावलं.

"आज तिसऱ्या प्रहरी ह्याचा कडेलोट," ते म्हणाले. "तू नेशील टकमकीवर. नाही नेलास तर त्याच्यामागं तू."

"सरकार, मी बेलभंडार उचललाय."

"तो पंतांसाठी उचललास. भाकर कुणाची खातोस?"

तिथून निघालो तो पश्चिमेच्या पडवीतून हाक. पंतांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला होता.

"हैबती, लच्छूची चौकशी माझ्यापुढे होईल. मुलकी गुन्ह्यात फौजेचा काय संबंध? त्याला जिवंत माझ्यापुढं आण. नाही आणलास तर नागपूरला लिहून तुझं मुंडकं मागतो."

"पंत, पण सरदार..."

"सरदार गेले खड्ड्यात. आम्ही त्याला कौल दिला आहे."

'आम्ही' दिला म्हणे! अडकित्त्यातल्या सुपारीला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या जिवाचं मला इतकं नव्हतं. शिपायाचा जीव असाही उसना. पण लच्छूला कड्यावरून ढकलला असता, तर माझं घर बसणार होतं. घरात अजून न जन्मलेलं लेकरू होतं. पंतांकडे न्यावा, तर धुमाळ वाटेतच गाठणार; दोन्ही पडव्यांना जायची वाट एकच, सदरेतून. मी लच्छूच्या दंडाला धरून सदरेत आलो आणि मधोमध उभा राहिलो. पुढे पाऊल टाकवेना.

उन्हाचा कहर होता. एक पान हलत नव्हतं. अंगणात माणसं भरली होती, कधी येऊन बसली होती कोण जाणे. लेकरंसुद्धा रडत नव्हती. कुणी लच्छूकडे बघत नव्हतं, माझ्याकडेही नाही. सगळ्यांचे डोळे गादीवर. मानको पंखा मांडीवर ठेवून बसली होती. वारा घालायचं तिनं का थांबवलं, ते मला कळेना.

तेवढ्यात पूर्वेकडून दोरखंड घेतलेले चार गडी आणि मागोमाग धुमाळ. पश्चिमेकडून भालदार आणि मागोमाग पंत.

"आण त्याला!" धुमाळ ओरडले.

"इकडे आण!" पंत ओरडले.

आणि मग मला ऐकू आलं.

"हैबती, ह्याला कुणाच्या हाती देऊ नगंस."

आवाज पुरुषाचा होता. आरडाओरडा नव्हता. दमून लोडाला टेकलेला माणूस बोलतो, तसा. सरदारांचा नव्हे, पंतांचा नव्हे. मानकोचे ओठ मिटलेले होते, मी नीट पाहिलं. गादीवरची चादर उजव्या बाजूला अंमळ खेचली गेली, कुणी कुशीवर वळावं तशी. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीच्याही आधी हात जमिनीकडे गेला. मी वाकून तीनदा मुजरा केला, सरळ झालो आणि तलवार उपसून लच्छूच्या पुढे उभा राहिलो.

"हैबत्या, डोकं फिरलं का तुझं?" धुमाळ दोन पावलं पुढे आले. "सोड त्याला."

"हुकूम न्हाई, सरकार."

"मी देतोय हुकूम!"

"आपला न्हवं."

"मग माझा," पंत म्हणाले.

"आपलाबी न्हवं, पंत. सरकारांचा."

"अरे, सरकार कोण?" धुमाळ गरजले. "इथं सरकार मी!"

"आपण न्हाई," मी म्हणालो. ते शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, मला अजून कळलेलं नाही.

आणि तेव्हा, गड घेतल्यापासून पहिल्यांदाच, ते दोघं एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघू लागले. गादीकडे. खळगा त्यांनाही दिसला असावा. पंतांचं उपरणं खांद्यावरून घसरलं, त्यांनी उचललं नाही.

धुमाळ शूर होते, याबद्दल मी कुणालाही तोंड उघडू देणार नाही. ते हसले. "म्हणजे ह्या चिंधीसाठी हे सगळं!" म्हणाले, आणि तरातरा गादीकडे गेले, बसायलाच. जोडा काढला, एक पाय उचलला, चादरीवर टेकला. तिथंच थांबले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, मान दिसत होती. मानेवरून घाम ओघळायला लागला. तोफेच्या तोंडी उभा राहिलेला हा माणूस. हळूच त्यांनी पाय मागे घेतला, भरल्या पंक्तीतून उठावं तसा, कुणाला धक्का लागू नये म्हणून.

"पंत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुम्हीच बसा."

"मी? माझी... माझी संध्या व्हायची आहे."

तिसऱ्या प्रहरी कसली संध्या? पण धुमाळांनीही विचारलं नाही. मग धुमाळांनी खाकरून जोडा घातला.

"सोडा त्या मडाव्याला. पुरावा नाही. माझा हुकूम आहे."

"माझा आहे," पंत म्हणाले. "कौल माझा होता."

आणि तिथंच, गादीपासून बऱ्यापैकी अंतर राखून, लच्छूला कुणी सोडला यावर दोघं भांडायला लागले. मला कुणी विचारलं नाही. मी तलवार म्यान केली, लच्छूच्या मुसक्या कापल्या आणि त्याला घेऊन गड उतरलो. अंगणातली माणसं वाट देत होती. म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघून जोहार करत होत्या. मला ते मुळीच आवडलं नाही.

झाडीच्या तोंडाशी उन्हं कलली होती. लच्छू मनगटं चोळत थांबला. माझा जीव आता कुठे भांड्यात पडला होता. शपथ पाळली गेली होती, घर राखलं गेलं होतं. मला हसू येत होतं. मी त्याला म्हणालो, "एवढं सांग, राजा लपलाय कुठं? खंडोबाची आण, कुणाला बोलणार नाही."

"लपते कायले? राजा मेला ना."

"वेढ्यात?"

"वेढ्याच्या आंधी. दोन होळ्या झाल्या. ताप आला, मेला. नदीवर जाळला आमी."

"मग अख्खा हिवाळा आमच्याशी लढलं कोण?"

"आमी लढलो."

"हुकूम कुणाचा?"

लच्छूनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला आपण दूधखुळे आहोत असं वाटलं. "गादीचा," तो म्हणाला.

"पण आज मी माझ्या कानांनी ऐकलं. बाप्याचा आवाज. आमच्या देशावरच्या बोलीत, नीट शब्दन् शब्द."

"राजाले तुमची बोली येत नोती." त्यानं खाली पडलेलं एक मोहाचं फूल उचलून तोंडात टाकलं. "मी ऐकलं तवा गोंडीत ऐकलं."

"तू कधी ऐकलंस?"

"तू साजाखाली आला तवा. हात पसरून बोलत होता तू, तवाच. तो म्हणे, आपला शिपाई आला हाय, त्याच्यासंगं खाली जा."

"म्हणजे तू माझ्या बेलभंडाऱ्यावर नाही आलास?"

तो हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुया शपथेवर कोण येईन, बापू? चार गावं तुमीच जाळली ना?"

मला राग आला. रागच आला, दुसरं काही नाही. ज्या शपथेपायी मी दोन मालकांपुढे नागवी तलवार धरली, ज्या शपथेत मी माझं पोर गहाण टाकलं, ती या माणसानं धरलीच नव्हती. माझा शब्द त्याच्या लेखी झाडाखालचा पाचोळा. मग मी पाळलं ते काय? आणि कुणासाठी?

"मग मी कुणाचा शिपाई रे?" मी विचारलं. मला ओरडायचं होतं, पण आवाज लहानच निघाला.

त्यानं मला जोहार केला, परक्याला करतात तसा नव्हे, बरोबरीच्या चाकराला करतात तसा. "पुढचा हुकूम आला की तुले समजंन," म्हणाला आणि झाडीत शिरला.

त्या महिन्यातच मी घरून बोलावणं आल्याचं सांगून चाकरी सोडली. निरोप दोघांकडून घ्यावा लागला आणि दोघांनीही मला बक्षीस म्हणून एकेक शेला दिला, लच्छूला आपल्याच हुकमानं सोडल्याबद्दल. गादीवर पुढे कोण बसलं, बसलं की नाही, मी कधी विचारलं नाही. घरी आलो, मुलगा झाला, शेती केली, केस पिकले. आता त्या मुलाचीही लेकरं अंगणात खेळतात.

सून चौकस आहे. भर दुपारी सगळी लवंडली, की मी ओसरीवर भिंतीला न टेकता बसलेला असतो. परवा तिनं विचारलंच, "मामंजी, असं ताठ बसून कुणाचं ऐकत असता?"

मी तिला म्हणालो, "कंबर धरलीय, पोरी. वाकवत नाही."